शेवटच्या शिट्टीनंतरची पेनल्टी: ब्रायटन विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, २६ सप्टेंबर २०२०

काय घडले

इंग्लंडमधल्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेतला हा सामना ब्रायटनच्या एमेक्स मैदानावर, करोनामुळे रिकाम्या ठेवलेल्या स्टँडसमोर झाला. ४०व्या मिनिटाला नील मोपेने पेनल्टीवर ब्रायटनला आघाडी मिळवून दिली. तीनच मिनिटांत लुइस डंकच्या स्वयंगोलमुळे बरोबरी झाली. उत्तरार्ध सुरू होताच ब्रायटनला आणखी एक पेनल्टी मिळाली, पण पंच क्रिस कॅवना यांनी मैदानाकडेचा मॉनिटर पाहून ती रद्द केली. ५५व्या मिनिटाला मार्कस रॅशफर्डने युनायटेडला पुढे नेले. ब्रायटनचे फटके दिवसभरात पाच वेळा गोलच्या चौकटीवर आदळून परतले. अखेर भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला सॉली मार्चने गोल केला आणि धावफलक २-२ झाला.

त्यानंतर युनायटेडला एक कॉर्नर मिळाला. हॅरी मॅग्वायरने डोक्याने चेंडू गोलकडे वळवला, तो मोपेच्या उंचावलेल्या हाताला लागला आणि बचावफळीने बाहेर काढला. कॅवना यांनी शेवटची शिट्टी वाजवली. सामना बरोबरीत सुटला असेच पाहणाऱ्याने धरले असणार. पण व्हीएआर (व्हिडिओ पाहून मुख्य पंचाला मदत करणारा सहायक पंच) कक्षात त्या हाताची तपासणी चालूच होती. तिचा निकाल आला, पेनल्टी जाहीर झाली आणि ब्रुनो फर्नांडिसने गोलरक्षक मॅट रायनला चकवून चेंडू जाळीत मारला. गोलची नोंद ९०+१० अशी झाली. सामन्यातली ती शेवटची किक. युनायटेड ३-२ ने जिंकले.

संपलेला सामना पुन्हा उघडला कसा? आणि उघडलाच, तर फक्त पेनल्टीपुरता का? उरलेसुरले दहा-वीस सेकंद खेळ का झाला नाही? दोन्ही प्रश्नांची उत्तरे नियमावलीत आहेत, पण एका जागी नाहीत. पंचांविषयीचा पाचवा नियम, सामन्याच्या वेळेचा सातवा, पेनल्टीचा चौदावा आणि शेवटी जोडलेली व्हीएआरची कार्यपद्धती, असे चार ठिकाणचे तुकडे जुळवावे लागतात. समालोचकांची फसगत इथेच होते. चौदावा पाठ असणाऱ्याला पाचवा आठवत नाही आणि पाचवा ठाऊक असणारा रिबाउंडवर, म्हणजे अडून परत आलेल्या चेंडूवर, अडखळतो.

शिट्टीने नेमके काय संपते

पाचव्या नियमानुसार पंचाला स्वतःची चूक लक्षात आली, किंवा सहकारी पंचाने ती लक्षात आणून दिली, तर निर्णय फिरवता येतो. हा अधिकार दोन वाटांनी संपतो. एक, खेळ पुन्हा सुरू झाला. दुसरी, पंचाने हाफ संपल्याची खूण केली आणि मैदानही सोडले. (सामनाच रद्द केला तर अर्थात तिसरी.) दुसऱ्या वाटेत दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात. नुसती शिट्टी पुरत नाही. शिट्टी वाजवून पंच मध्यवर्तुळात उभा असेल, तर शिट्टीच्या आधी घडलेल्या गोष्टीवरचा त्याचा अधिकार शाबूत असतो.

व्हीएआर आल्यावर एक अडचण निघाली. मॉनिटर मैदानाच्या रेषेबाहेर असतो. हाफ संपल्याची शिट्टी वाजवून पंच मॉनिटर पाहायला गेला, तर शब्दशः त्याने मैदान सोडले, म्हणजे अधिकारही गेला असा अर्थ निघाला असता. २०१९-२० च्या नियमावलीत ही फट बुजवली गेली. मॉनिटरकडे जाण्यासाठी किंवा खेळाडूंना परत बोलावण्यासाठी पंच रेषेबाहेर गेला, तरी हाफ संपण्यापूर्वीच्या घटनेवरचा निर्णय बदलता येतो, असे स्पष्ट लिहिले गेले.

ही भर पडण्याआधीचे ठळक उदाहरण जर्मनीतले आहे. १६ एप्रिल २०१८ रोजी बुंडेसलीगामध्ये माइन्झ आणि फ्रायबुर्ग यांच्या सामन्यात पूर्वार्धाची शिट्टी झाली, फ्रायबुर्गचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्येही गेले. तेवढ्यात व्हीएआर कक्षातून पंच गुइडो विंकमान यांना मार्क-ऑलिव्हर केम्फच्या हँडबॉलबद्दल कळले. खेळाडूंना परत बोलावण्यात आले, पाब्लो दे ब्लासिसने पेनल्टीवर गोल केला आणि सगळे पुन्हा मध्यंतरासाठी आत गेले. वर उत्तरार्धही उशिरा सुरू झाला, कारण सोमवारी सामने ठेवल्याच्या निषेधात प्रेक्षकांनी मैदानावर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या फेकल्या होत्या. माइन्झने सामना २-० असा जिंकला. खेळाडू कुठे पोहोचले होते याला नियमात किंमत नाही. पंच कुठे आहे एवढेच पाहायचे.

एक गैरसमज असा की हे सगळे व्हीएआरचे खूळ आहे. तसे नाही. व्हीएआर नसलेल्या साध्या सामन्यातही सहायक पंचाने बचावपटूच्या फाउलसाठी झेंडा वर केला, मुख्य पंचाचे तिकडे लक्ष नव्हते आणि त्याने शेवटची शिट्टी वाजवली, तर झेंडा दिसल्यावर तो पेनल्टी देऊ शकतो. अट तीच: घटना शिट्टीच्या आधीची हवी आणि पंच मैदानातच हवा.

घटनेचा आणि शिट्टीचा क्रम इथे फार महत्त्वाचा. शिट्टी वाजताच चेंडू मृत होतो, त्यानंतर हात लागला तर तो हँडबॉल नव्हेच. म्हणून कॉर्नरच्या गर्दीत शिट्टी वाजवण्याची घाई करणारा पंच व्हीएआरचे काम अवघड करतो. हात आधी की शिट्टी आधी, हे मग चित्र आणि आवाज जुळवून ठरवावे लागते. ब्रायटनच्या सामन्यात हा वाद उद्भवला नाही. हात लागला, चेंडू बाहेर काढला गेला, मग शिट्टी झाली.

व्हीएआरला यात पडण्याचा हक्क होता का, याचे उत्तर सोपे आहे. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेले कार्ड हे तेव्हाचे चार विषय, त्यात पेनल्टी बसते. हँडबॉल होता का, हे त्या हंगामातल्या भाषेत पाहावे लागते. २०२०-२१ मध्ये हात खांद्याच्या पातळीच्या वर असताना चेंडू लागला, तर तो सहसा गुन्हा धरला जाई. अपवाद होता तो खेळाडूने स्वतः मुद्दाम खेळलेला चेंडू उडून आपल्याच हाताला लागण्याचा. पुढच्या हंगामात हे स्वतंत्र कलम गेले आणि ‘अनैसर्गिकरीत्या शरीर मोठे करणे’ या एका कसोटीत सामावले. जुन्या क्लिप आजच्या नियमाने तपासून पंचाला शिव्या घालण्याचा उद्योग इंटरनेटवर जोरात चालतो. मोपेचा निर्णय मात्र दोन्ही कसोट्यांवर टिकावा.

पेनल्टीलाच मुभा, कॉर्नरला नाही

सातव्या नियमात एक छोटे वाक्य आहे: पेनल्टी घ्यायची किंवा पुन्हा घ्यायची असेल, तर ती पूर्ण होईपर्यंत हाफ वाढवला जातो. एवढेच. फ्री किक, कॉर्नर, थ्रो-इन यांचा उल्लेख नाही. म्हणजे १९ मीटरवरून मिळालेल्या फ्री किकसाठी वेळ वाढवणे पंचावर बंधनकारक नाही. व्यवहारात पंच ती किक होऊ देतात, कारण भरपाई वेळ किती धरायची हे शेवटी त्यांच्याच हातात असते. पण तो त्यांचा विवेक. संघाला तो हक्क म्हणून मागता येत नाही.

या फरकाचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण १९७८ च्या विश्वचषकातले. ३ जूनला अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे ब्राझील आणि स्वीडन १-१ बरोबरीत होते. नेलिन्योने कॉर्नर घेतला, चेंडू हवेत असताना वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी शिट्टी वाजवली आणि झिकोचा हेडर जाळीत गेला तेव्हा सामना संपलेला होता. गोल दिला गेला नाही. थॉमस यांच्यावर टीकेची झोड उठली, पण नियमाच्या अक्षराला धरून त्यांचे काही चुकले नव्हते. खटकते ते एवढेच की वेळ संपतच आली होती, तर मुळात कॉर्नर घेऊ का दिला? किक होण्याआधी शिट्टी वाजली असती, तर आज कुणाला तो सामना आठवलाही नसता.

पेनल्टीला वेगळी वागणूक का, हे समजायला कठीण नाही. तशी मुभा नसती तर शेवटच्या सेकंदाला गोलरेषेवर हाताने चेंडू अडवणे हा बिनखर्चाचा सौदा ठरला असता. कार्ड मिळाले असते, पण गोल वाचला असता.

त्या एका किकमध्ये काय मोजायचे

प्रकरणाचा खरा गाभा इथे आहे. वाढवलेल्या हाफमधली पेनल्टी ही नेहमीची पेनल्टी नाही आणि बरोबरीनंतर निकालासाठी घेतात त्या शूटआउटमधली किकही नाही. दोघींच्या मधली ती तिसरीच चीज आहे.

चौदाव्या नियमानुसार किक मारल्यानंतर पुढीलपैकी काहीही झाले की ती पूर्ण होते: चेंडू थांबला; मैदानाबाहेर गेला; बचाव करणाऱ्या गोलरक्षकाव्यतिरिक्त कोणत्याही खेळाडूने तो खेळला, आणि यात किक मारणाराही आला; किंवा मारणाऱ्याच्या संघाने केलेल्या गुन्ह्यासाठी पंचाने खेळ थांबवला. पूर्ण झाली की हाफ संपला.

आता हे फर्नांडिसच्या किकला लावून पाहू. समजा रायनने चेंडू अडवला आणि तो फर्नांडिसच्या पायाशी परत आला. नेहमीच्या वेळेत तो पुन्हा मारून गोल करू शकला असता, कारण मध्ये गोलरक्षकाचा स्पर्श झाला आहे. इथे मात्र त्याचा बूट चेंडूला लागताच सामना संपतो. रॅशफर्ड धावत आला असता तरी तेच. रिबाउंड नाही म्हणतात ते याच अर्थाने.

समजा चेंडू खांबाला लागून गोलरक्षकाच्या पाठीवर आदळला आणि आत गेला. गोल. खांब, आडवी दांडी आणि गोलरक्षक यांना चेंडू कितीही वेळा लागला तरी किक चालूच असते. गोलरक्षकाने अडवलेला चेंडू फिरकी घेत हळूहळू रेषेकडे सरकतो आहे, अशा वेळी पंचाने थांबायचे. तो आत गेला तर गोल, रेषेअलीकडे थांबला तर संपले. पंच सर्वाधिक चुकतात ते नेमके इथे. गोलरक्षकाचा हात लागला की त्यांच्या तोंडून आपसूक शिट्टी वाजते. मग चेंडू रेषा ओलांडून गेला तरी गोल देता येत नाही, कारण शिट्टीने तो मृत झालेला असतो.

तोच सरकता चेंडू बचावपटूने धावत येऊन काढून टाकला तर? त्याचा स्पर्श होताच किक पूर्ण, गोल नाही, सामना संपला. काढण्याच्या नादात त्याने तो आपल्याच जाळीत ढकलला तर? तरीही गोल नाही. गोलरक्षक सोडून दुसऱ्या कुणीतरी चेंडू खेळला आणि त्या क्षणी किक संपली. नेहमीच्या खेळात हा स्वयंगोल ठरला असता. पंचांच्या परीक्षेत विचारावा असा हा प्रश्न, आणि बरेच जण त्यावर गुण गमावतील.

पण तो बचावपटू किक होण्यापूर्वीच पेनल्टी क्षेत्रात शिरला असेल, तर चित्र पालटते. बाकीच्या खेळाडूंनी या किकलाही क्षेत्राबाहेर, चेंडूच्या मागे आणि ९.१५ मीटरवर राहायचेच असते. वेळ संपली म्हणून ही बंधने सुटत नाहीत. २०२४-२५ पासून घुसखोरीला शिक्षा होते ती तिचा परिणाम झाला असेल तरच. आगाऊ शिरलेल्या बचावपटूने चेंडू खेळून गोल रोखला, हा परिणाम झालाच, म्हणून किक पुन्हा. आक्रमक खेळाडूच्या घुसखोरीचे कलम इथे अर्धे निकामी होते. रिबाउंडच नसल्यामुळे त्याने आत शिरून चेंडू मिळवण्याला अर्थ नाही. त्याच्यामुळे गोलरक्षकाचे लक्ष स्पष्टपणे विचलित झाले आणि गोल झाला, तर मात्र किक पुन्हा घ्यावी लागते.

गोलरक्षकाचे पाऊल ही दुसरी नाजूक जागा. किक मारली जाते त्या क्षणी त्याच्या एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर, रेषेच्या सरळ वर किंवा मागे हवा. तो आधीच पुढे आला आणि त्याने किक अडवली, तर किक पुन्हा. हाफ आणखी वाढतो आणि याला संख्येची मर्यादा नाही. त्याला पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी पिवळे कार्ड. शूटआउटशी तुलना इथे उपयोगी पडते. सामन्यातली पिवळी कार्डे शूटआउटमध्ये पुढे नेली जात नाहीत. वाढवलेल्या हाफमधली पेनल्टी सामन्याचाच भाग असल्याने इथे ती मोजली जातात. चाळिसाव्या मिनिटाला पिवळे कार्ड घेतलेला गोलरक्षक ताकीद मिळाल्यावर पुन्हा पुढे आला, तर त्याला मैदानाबाहेर जावे लागेल आणि हातमोजे दुसऱ्या कुणाला घालावे लागतील. याच कारणाने फर्नांडिसचा गोल त्याच्या आणि सामन्याच्या खात्यावर जमा झाला. शूटआउटमधला गोल कुणाच्याच खात्यावर जात नाही.

मारणाऱ्याकडून होणारे गुन्हे इथे महागात पडतात. धाव पूर्ण झाल्यावर हुलकावणी देऊन मारणे, चेंडू मागे मारणे, नाव एकाचे सांगून किक दुसऱ्याने घेणे, या सगळ्यांना एरवी प्रतिस्पर्ध्याला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही) मिळते आणि खेळ चालू राहतो. वाढवलेल्या वेळेत ती किक घ्यायला वेळच नसतो. पंचाने खेळ थांबवला की हाफ संपला. मारताना चेंडूला दोन्ही पायांचा अपघाती स्पर्श झाला तर? मार्च २०२५ मध्ये रेआल माद्रिदविरुद्धच्या शूटआउटमध्ये अॅटलेटिकोच्या हुलियान आल्वारेझचा गोल याच कारणाने रद्द झाला. त्यानंतर आलेल्या स्पष्टीकरणानुसार असा अपघाती स्पर्श होऊन गोल झाला तर किक पुन्हा घ्यायची. गोल झाला नाही, तर वाढवलेल्या वेळेत पुढे काही नाही.

थेट न मारता सहकाऱ्याकडे हलकेच पुढे ढकलायची चलाखी इथे बाद. योहान क्रॉयफ आणि येस्पर ओल्सेन यांनी डिसेंबर १९८२ मध्ये हेल्मंड स्पोर्टविरुद्ध ती करून गोल मिळवला होता. ऑक्टोबर २००५ मध्ये रोबेर पिरेस आणि तिएरी आँरी यांनी मँचेस्टर सिटीविरुद्ध तीच करताना फजिती करून घेतली. वाढवलेल्या हाफमध्ये सहकाऱ्याचा पाय लागताच किक संपते, चेंडू पुढे जाळीत गेला तरी.

क्वचित घडणारे आणखी एक: चेंडू पुढे जाताना, खेळाडूला किंवा चौकटीला लागण्याआधीच फुटला, तर किक पुन्हा.

वेळ उरली असती तर

‘शेवटच्या क्षणाची पेनल्टी’ म्हणजे आपोआप ‘वाढवलेल्या वेळेतली पेनल्टी’ नव्हे. १२ मे २०१३ रोजी वॉटफर्ड आणि लेस्टर यांच्यातल्या प्लेऑफ उपांत्य फेरीच्या परतीच्या सामन्यात भरपाई वेळ बरीच सरली असताना लेस्टरला पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर लेस्टर अंतिम फेरीत गेले असते. आंतोनी क्नोकेरची किक मानुएल अल्मुनियाने अडवली, रिबाउंडही अडवला, वॉटफर्डने चेंडू थेट दुसऱ्या टोकाला नेला आणि ट्रॉय डीनीने गोल केला. एकूण ३-२ ने वॉटफर्ड पुढे.

पंच मायकेल ऑलिव्हर यांनी हाफ निव्वळ पेनल्टीपुरता वाढवलेला असता, तर क्नोकेरने रिबाउंडला पाय लावताच खेळ संपला असता. डीनीचा गोल झालाच नसता आणि सामना एकूण २-२ बरोबरीवरून जादा वेळेत गेला असता. तिथे वेळ शिल्लक धरली गेली, म्हणून खेळ चालू राहिला. ते योग्यच होते, कारण पेनल्टी देण्यात, वाद मिटवण्यात आणि चेंडू ठेवण्यात गेलेला वेळ स्वतःच भरपाईस पात्र असतो. कॅवना यांनी मात्र शिट्टी वाजवून वेळ संपल्याचे आधीच जाहीर केले होते. फिरवला गेला तो पेनल्टी न देण्याचा निर्णय. वेळ संपल्याचा निर्णय चुकलेला नव्हता, म्हणून तो फिरवण्याचे कारणही नव्हते. ‘उरलेले सेकंद का खेळवले नाहीत’ या प्रश्नाचे उत्तर हे: उरलेले सेकंद नव्हतेच.

वेळच चुकीची मोजली गेली असेल तर प्रकरण वेगळे. १२ जानेवारी २०२२ रोजी आफ्रिका चषकात ट्युनिशिया आणि माली यांच्या सामन्यात पंच जॅनी सिकाझवे यांनी एकदा ८५व्या मिनिटाला आणि पुन्हा ९० मिनिटे भरायच्या काही सेकंद आधी शेवटची शिट्टी वाजवली. तिथे खेळायचा वेळ खरोखर बाकी होता. काही वेळाने सामना पुढे सुरू करण्याचा प्रयत्न झाला, पण ट्युनिशियाचा संघ बाहेर आलाच नाही. मालीचा १-० विजय कायम राहिला.

पंचाने कोणत्या क्रमाने वागावे

व्हीएआर असो वा नसो, हाफ फक्त पेनल्टीसाठी वाढतो आहे हे पंचाने किकच्या आधी ठरवले पाहिजे आणि दोन्ही कर्णधारांना व गोलरक्षकाला सांगितले पाहिजे. मोघम ‘शेवटची किक’ म्हणू नये. ‘वेळ संपली आहे, रिबाउंड नाही’ असे स्पष्ट सांगावे. उलट, वीस सेकंद उरले असताना असे सांगून ठेवले, तर तो अडकतो. रिबाउंडवर गोल झाला आणि त्याने तो दिला तर एक संघ भडकेल, नाही दिला तर दुसरा.

मग मारणाऱ्याची ओळख पक्की करायची, बाकीच्यांना १६.५ मीटरच्या क्षेत्राबाहेर काढायचे. राखीव खेळाडू आणि प्रशिक्षक तोवर मैदानात आलेले असतात. ते रेषेबाहेर गेल्याशिवाय शिट्टी नाही. व्हीएआर नसलेल्या सामन्यात गोलरेषा आणि पेनल्टी क्षेत्राची रेषा जिथे मिळतात तिथे सहायक पंच उभा राहतो. गोलरक्षकाचे पाऊल आणि गोलरेषा, दोन्ही तिथे त्यालाच पाहायची असतात. किकनंतर शिट्टी तोंडात न ठेवता हातात धरलेली बरी, म्हणजे गोलरक्षकाच्या स्पर्शाबरोबर ती अनवधानाने वाजत नाही. चेंडू थांबला, बाहेर गेला किंवा दुसऱ्याने खेळला, तेव्हाच शेवटची खूण. गोल झाला तरी मध्यवर्तुळातून पुन्हा किकऑफ नाही. पूर्वार्धात असे घडले तर उत्तरार्ध ठरल्याप्रमाणे ठरल्या संघाच्याच किकऑफने सुरू होतो.

या मधल्या काळात पंचाभोवती गर्दी होते, शब्द जातात. कार्ड दाखवण्याचा त्याचा अधिकार सामन्यानंतर मैदान सोडेपर्यंत चालू असतो. पेनल्टी घेणाऱ्यालाच या बाचाबाचीत लाल कार्ड मिळाले, तर किक दुसऱ्याने घ्यायची.

दार कधी बंद होते

ब्रायटनचे प्रकरण नियमात नीट बसते, कारण हँडबॉल आणि पेनल्टी यांच्यामध्ये खेळ पुन्हा सुरू झाला नव्हता. शिट्टीपेक्षा पक्के कुलूप ते आहे. व्हीएआरच्या कार्यपद्धतीनुसार खेळ थांबून पुन्हा सुरू झाला की मागच्या घटनेची तपासणी फक्त दोन बाबतींत होऊ शकते: चुकीच्या खेळाडूला कार्ड, किंवा हिंसक वर्तन, थुंकणे, चावणे, अत्यंत अपमानास्पद कृती यांसारखा मैदानाबाहेर काढण्याजोगा गुन्हा. गोल आणि पेनल्टी त्यात नाहीत. ब्रायटनने शेवटच्या शिट्टीआधी एक गोलकिक जरी घेतली असती, तर मोपेचा हात कितीही वर असता तरी पेनल्टी देता आली नसती.

कतारच्या विश्वचषकात ३० नोव्हेंबर २०२२ रोजी फ्रान्स-ट्युनिशिया सामन्यात वाद झाला तो याच कुलपावरून. भरपाई वेळेत अँत्वान ग्रीझमानने बरोबरीचा गोल केला आणि व्हीएआर तपासणीनंतर तो ऑफसाइडसाठी रद्द झाला. त्याआधी किकऑफ घेऊन खेळ सुरू झाला होता आणि मगच सामना संपवला गेला होता, त्यामुळे तपासणी करताच येत नव्हती, अशी फ्रेंच महासंघाची तक्रार होती. फिफाने ती फेटाळली. ट्युनिशियाचा १-० विजय तसाच राहिला.

अशा तक्रारी निकाल बदलत नाहीत, याची तरतूदही कार्यपद्धतीतच आहे. व्हीएआरचे तंत्र बिघडले, व्हीएआरच्या मदतीने चुकीचा निर्णय झाला, तपासायला हवे होते ते तपासले नाही, किंवा तपासायचा हक्क नसलेली गोष्ट तपासली, यांपैकी कशानेही सामना अवैध ठरत नाही.